सात वेळा पहिली भेट

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तपासणीत नापास झालेल्या ऑफिसात कशाला राहतेस? शेजारच्या कौन्सिलमध्ये कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे जास्त पैसे मिळतायत तर जा की." तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेवर असते, १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे. घरात मारहाण आहे, मूल उपाशी राहतंय, आई नशेत असते, अशी खबर शाळेकडून नाहीतर पोलिसांकडून आली की आम्ही सोशल वर्कर चौकशीला जातो. आमचं हे काम ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था तपासते. शेरे चार असतात. आम्हाला सगळ्यात खालचा मिळाला, 'इनॅडिक्वेट', म्हणजे अपुरं. मग कामाच्या ७० दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यायचा, सरकार देखरेखीला कमिशनर पाठवतं, निरीक्षक मधूनमधून येऊन बघून जातात. तरीही सुधारणा झाली नाही तर काम कौन्सिलकडून काढूनही घेतात. डॉन्कास्टरमध्ये २०१४ साली ते वेगळ्या ट्रस्टकडे दिलं.

शाळेत विस्तार अधिकारी यायचे म्हटलं की तुम्ही आदल्या दिवशी आम्हा पोरांकडून भिंतीवर तक्ते लावून घ्यायचात. इथंही सगळे तेच करत होते, मीसुद्धा. तारखा जुळवल्या, राहिलेल्या नोंदी लिहून काढल्या. पण निरीक्षक बाईंनी एका मुलाची फाइल काढली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "हा मुलगा सकाळी उठतो तेव्हा घरात काय चाललेलं असतं?" मी भेटीची तारीख सांगितली. संरक्षणाची बैठक कामाच्या १५ दिवसांच्या मुदतीत झाली, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ती फाइल पहिल्या पानापासून वाचली. मुलगा नऊ वर्षांचा. नाव लिहीत नाही, लिहू नये. दोन वर्षांत त्याला सात सोशल वर्कर झाले होते. प्रत्येकाची पहिली नोंद जवळजवळ एकच: 'आज मुलाची प्रथम भेट घेतली. मुलगा फारसा बोलला नाही.' अशी सात वेळा पहिली भेट. त्यातली सातवी माझी होती, आणि तिच्यातही तेच वाक्य होतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

आई, तुझ्या अंगणवाडीत एखाद्या पोराचं वजन घटलं की ते का घटलं हे सांगायला तुला रजिस्टर उघडावं लागायचं नाही. दर महिन्याला तूच त्याला झोळीत घालून काट्याला टांगायचीस, त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते बघून यायचीस. मी तुझा पदर धरून मागे उभी असायचे. तेव्हा ते काम आहे असंही मला वाटायचं नाही.

२००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी नावाची आठ वर्षांची मुलगी, जिच्याकडे सांभाळायला दिली होती त्या नातेवाईक बाईच्या आणि तिच्या जोडीदाराच्या छळानं मेली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत निघालं की तिला वाचवायच्या १२ संधी हुकल्या होत्या. कौन्सिल, दवाखाना, पोलीस, तिची थोडी थोडी माहिती सगळ्यांना होती. पुरती ओळख मात्र कुणालाच नव्हती.

आमच्याकडे माणसं का टिकत नव्हती, तर माझ्या एकटीच्या नावावर २८ मुलं होती. एक जण सोडून गेला की त्याची मुलं उरलेल्यांवर यायची, मग आणखी एक जायची. आता माझ्याकडे १६ आहेत. दर महिन्याला साहेबीण दीड तास माझ्यासोबत बसते, एकेका मुलाबद्दल बोलते. आराखड्यातलं सगळंच मला पटत नाही. नव्या फॉर्ममध्ये जाणारा वेळ मुलांच्या वाट्याचा असतो, आणि हे मी बैठकीत उभं राहून सांगितलंय. पण सुधारणा होते, बाबा. संडरलँडला २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हाच खालचा शेरा मिळाला होता, आणि २०२१ मध्ये सगळ्यात वरचा मिळाला. शहर तेच, गरिबीही तीच.

मी एजन्सीला 'येणार नाही' असं कळवलंय. त्यामुळे घराच्या स्लॅबचे पैसे यंदा पावसाळ्याआधी पुरे पडणार नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आई, अजून एक पावसाळा तुला ताडपत्री बांधायला लागणार, हे मला कळतंय.

त्या मुलाकडे मी आता सहा वेळा जाऊन आले. तिसऱ्या वेळी त्यानं दार उघडून नुसतं, "परत तूच?" विचारलं. पाचव्या वेळी त्याच्या सायकलची चेन पडली होती. तुम्ही शिकवलं होतंत तशी मी सायकल उलटी उभी केली, पेडल हातानं फिरवत चेन दात्यांवर चढवली. दोघांचेही हात काळे झाले. खाली बघतच तो बोलायला लागला. सकाळी तो आधी आईच्या खोलीच्या दाराला कान लावतो. आतून आवाज नसला की धाकटीला उठवतो, आणि दूध नसलं तर तिचं सीरियल पाण्यात कालवून देतो. शाळेत उशीर होतो तो म्हणून.

हे बैठकीत सांगितल्यावर आता रोज सकाळी आमच्यातली एक बाई त्या घरी जाते, धाकटीला नर्सरीत पोचवते. त्याची आईही तिच्याशी थोडं बोलायला लागलीय.

गुरुवारी चार वाजता मला परत जायचंय. पुढचा ब्रेक नीट लागत नाही म्हणाला. बाबा, ब्रेकची तार कशी ताणायची ते बुधवारी रात्री फोनवर सांगाल का? इथले साडेसात म्हणजे तुमचे बारा होतील, त्यापेक्षा मीच दुपारच्या सुट्टीत फोन करते.

तुमची,
मनू