दिवा विझला, पण एअरबॅग कुठे आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सांगलीत गेली 22 वर्षे मी गाड्यांची सीट कव्हरे शिवतो. परवा एका गिऱ्हाइकाने नुकतीच घेतलेली जुनी गाडी आणली. ड्रायव्हर सीटचे कव्हर काढले तर दाराकडच्या बाजूची मूळ शिवण उसवलेली आणि वरून गोधडीसारखे जाड दोऱ्याचे टाके. आत, सीटच्या बाजूला असते ती एअरबॅग (धडकेत फुगून माणसाला वाचवणारी पिशवी) नव्हतीच! तिच्या वायरच्या पिवळ्या प्लगमध्ये छोटा रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा तुकडा) खोचलेला. त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटते सगळे जागेवर आहे आणि एअरबॅगमधला बिघाड दाखवणारा डॅशबोर्डवरचा दिवा विझतो.

बाजूने धडक बसली की सेन्सरच्या इशाऱ्यावर ठिणगी पडते, गॅस सुटतो आणि ती नाजूक शिवण फाडून पिशवी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फुगते. एकदा फुटलेली पिशवी घडी घालून परत भरता येत नाही. अख्खे युनिट नवेच लागते, एअरबॅग चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिटही तपासावे लागते. बदलताना बॅटरी सोडून काही मिनिटे थांबायचे, कारण कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज उरते.

आमच्या धंद्यातलेही काही जण त्या शिवणीवरून जाड रेक्झिन ठोकतात, मग पिशवी बाहेर येणार कशी? मीही पूर्वी ठोकले आहे, खोटे कशाला बोलू. जुन्या गाडीच्या हस्तांतरणाआधी एअरबॅगची तपासणी परिवहन खात्याने सक्तीची करावी.

— एक सीट कव्हरवाला, सांगली