गॅसवरील एअरसॉफ्ट पिस्तुले आणि सोलापूरचा उन्हाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की गॅसवर चालणारी एअरसॉफ्ट पिस्तुले, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी खेळातली पिस्तुले, तरुण मुलांच्या हातात दिसू लागतात. मी सोलापुरात फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा व्यवसाय करतो. पिस्तुलांची दुरुस्ती हा माझा धंदा नाही. परंतु मॅगझिनमधून (छर्रे आणि गॅस भरण्याच्या काढत्या-घालत्या पेटीतून) गॅस गळू लागला की ही मुले आमच्यासारख्यांचीच दुकाने शोधत येतात, कारण ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे), व्हॉल्व्ह आणि लिकेज हा आमचा रोजचा विषय आहे. त्यांनी आणलेली मॅगझिने पाहून माझी अशी खात्री झाली आहे की, यांतील बहुतेक बिघाड मालाच्या दर्जामुळे होत नाहीत, तर आपल्याकडच्या उन्हाला न मानवणारा गॅस भरल्यामुळे आणि हाताला येईल ते तेल सोडल्यामुळे होतात. पिस्तुलासोबत मिळणारे माहितीपत्रक इंग्रजीत किंवा जपानीत असते आणि ते थंड हवेच्या प्रदेशातील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

या पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये द्रवरूप गॅसची एक छोटी टाकीच असते. चाप ओढला की हॅमर, म्हणजे आतला छोटा हातोडा, व्हॉल्व्हवर आपटतो, थोडा गॅस सुटतो, 6 मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा नळीतून बाहेर पडतो आणि उरलेल्या दाबाने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे येते. हा दाब किती असेल हे टाकीत गॅस किती आहे यावर नव्हे, तर टाकी किती तापली आहे यावर ठरते. आमच्या व्यवसायातील शिकाऊ मुलालाही हे पहिल्या महिन्यात शिकवले जाते, परंतु पिस्तूल घेणाऱ्याला ते कोणीच सांगत नाही.

‘ग्रीन गॅस’ या नावाने मिळणारा गॅस म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन असून त्यात थोडे सिलिकॉन तेल मिसळलेले असते. प्रोपेन आम्हाला आर-290 या नावाने परिचित आहे. 20 अंश सेल्सिअसला त्याचा दाब गेजवर सुमारे 107 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दिसतो, तर 40 अंशांना तो सुमारे 184 पर्यंत चढतो. दुसरा गॅस आर-134ए. हा गाड्यांच्या एसीत वापरला जातो आणि जपानमध्ये या पिस्तुलांसाठीही तोच रूढ आहे. त्याचा दाब 20 अंशांना सुमारे 68 आणि 40 अंशांना सुमारे 133 पीएसआय असतो. म्हणजेच सोलापूरच्या मे महिन्यात तथाकथित ‘सौम्य’ गॅसही थंड देशातल्या ‘जोरदार’ गॅसपेक्षा जास्त दाब देतो. टोकियो मारुईसारख्या जपानी कंपनीची प्लॅस्टिक स्लाइडची पिस्तुले याच 134ए गॅसचा विचार करून बनवलेली असतात, आणि त्यांत भर उन्हाळ्यात प्रोपेन भरला तर स्लाइडला तडा जाण्यात नवल नाही. पिस्तूल कोणत्या गॅससाठी बनवले आहे हे आधी पाहावे आणि आपल्याकडे मार्च ते जून या काळात अधिक जोराच्या गॅसच्या मोहात अजिबात पडू नये. मात्र 134ए हवा म्हणून गॅरेजमधला एसीचा डबा आणून मॅगझिनमध्ये रिकामा करू नये, कारण अशा डब्यांत कधी कंप्रेसरचे तेल, तर कधी गळती बुजवण्याचे रसायन मिसळलेले असते.

उन्हातला आणखी एक प्रकार पुष्कळांना चकवतो. दुचाकीच्या डिकीत तापलेले मॅगझिन पिस्तुलात घातले की कधी कधी चाप ओढूनही छर्रा सुटत नाही. मुलांना वाटते की गॅस संपला, आणि ती वरून आणखी गॅस भरतात. प्रत्यक्षात आतला दाब इतका वाढलेला असतो की हॅमरच्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडतच नाही. अशा वेळी मॅगझिन बाहेर काढून सावलीत आपोआप निवू द्यावे. गॅस भरतानाही टाकी काठोकाठ भरू नये. द्रव तापला की प्रसरण पावतो, त्याला जागा हवी. रिकव्हरी सिलिंडर (यंत्रातून काढलेला गॅस साठवण्याची टाकी) 80 टक्क्यांपर्यंतच भरण्याचा आमचा नियम याच कारणासाठी आहे. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, तेव्हा स्वयंपाकघरात, देवघरातील समईजवळ किंवा सिगारेट ओढणाऱ्याशेजारी गॅस भरणे म्हणजे आगीशी खेळ आहे. मोकळ्या हवेत, मॅगझिन उलटे धरून, डबाही तोंड खाली करून त्यावर सरळ रेषेत दाबून काही सेकंदच भरावे.

कार्बन डायऑक्साइडच्या 12 ग्रॅमच्या कॅप्सूलवर चालणाऱ्या पिस्तुलांचा धोका याहून मोठा आहे. 20 अंशांनाच त्या कॅप्सूलमध्ये 800 पीएसआयहून अधिक दाब असतो, आणि 31 अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे पुढे दाब झपाट्याने वाढत जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत अशी कॅप्सूल ठेवू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. खेळ संपल्यावर उरलेला वायू सुरक्षित दिशेला संपवावा, स्क्रू सावकाश सैल करावा आणि कॅप्सूल काढून ठेवावी. ती रात्रभर आवळून ठेवली तर खालचे सील चेपून कायमचे निकामी होते.

तेलाबाबत आपल्या शहरात होणारी चूक अगदी समजण्यासारखी आहे. यंत्रमाग आणि शिलाई मशिनींच्या या गावात पातळ मशीन ऑइलची बाटली कुठेही सहज हाती लागते. ते तेल लोखंडासाठी उत्तम आहे, परंतु खनिज तेलाने या पिस्तुलांतील अनेक रबरी भाग फुगतात किंवा मऊ पडतात. माझ्याकडे आलेल्या एका मॅगझिनमधील ओ-रिंग चिमट्याने काढली, तर ती खाचेपेक्षा एवढी फुगली होती की पुन्हा जागेवर बसेचना. रबरी भागांना शुद्ध सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब द्यावेत, यापलीकडे काही नको. तेही नळीच्या मागच्या हॉप-अप रबरापासून दूर ठेवावे. तो रबर छर्ऱ्याला उलटी फिरकी देतो आणि तेलकट झाला की नेम भलतीकडेच जाऊ लागतो.

नळी आणि छर्रा यांच्यात एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच फट असते, त्यामुळे आपल्याकडची धूळ आत गेली की छर्रा अडकलाच म्हणून समजा. सळईला जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून नळी पुसावी. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण येथे त्याचे सुटे धागे आत राहतात. जमिनीवर पडलेले छर्रे पुन्हा वापरू नयेत. गळती शोधण्यासाठी मॅगझिन पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची पद्धत चांगली आहे, मात्र बोअरचे क्षारयुक्त पाणी सुकले की व्हॉल्व्हच्या कडेला पांढरा थर बसतो आणि नवी गळती तेथूनच सुरू होते. त्यापेक्षा संशयित जागी साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून पाहावा आणि लगेच कोरडे करावे. ठेवून देताना छर्रे काढावेत, हॅमर उतरवावा आणि ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये सील बसलेले राहण्यापुरता किंचित गॅस असू द्यावा.

ही वस्तू दिसायला हुबेहूब खऱ्या पिस्तुलासारखी असते आणि तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. पूर्ण डोळे झाकणारा गॉगल लावल्याशिवाय कोणी ती हाताळू नये, रस्त्यावर ती उघडी बाळगू नये, आणि विकत घेण्यापूर्वी पालकांनी पोलीस आयुक्तालयात जाऊन नियमांची चौकशी करावी. गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीसारखे हे प्रकरण नाही.

माझी मागणी साधी आहे. अशी पिस्तुले आणि त्यांचे गॅस विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने सोबत एक पानी मराठी पत्रक द्यावे, त्यात कोणत्या गॅसवर हे पिस्तूल चालते, तो किती तापमानापर्यंत वापरावा, कोणते तेल चालते आणि कोणते चालत नाही, एवढे तरी छापलेले असावे. ज्यांना असे पत्रक तयार करायचे असेल त्यांना 15 ते 45 अंशांपर्यंतचा दाब-तापमानाचा तक्ता मराठीत लिहून देण्यास मी विनामूल्य तयार आहे.

आपला विश्वासू,
एक फ्रिज-एसी तंत्रज्ञ,
सोलापूर