मोकळा पाय

प्रिय रेवा,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि खरं सांगू, जरा बरंही वाटलं. ‘आतल्या रेषेपाशी फट दिसते, पण ऐन वेळी पायांचे दगड होतात’ म्हणे! अगं, स्केट्सवरच्या या आपल्या रोलर डर्बीच्या खेळात माझं मागचं अख्खं वर्ष त्याच दगडांत गेलं. हेल्मेटवर जॅमरचा, म्हणजे गुण मिळवणारीचा, तारा, जॅम म्हणजे एकेक डाव फार तर दोन मिनिटांचा, समोर अडवणाऱ्या तिघींची भिंत, आणि मी आपली दोन्ही पायांवर भार टाकून ठाण मांडलेली. धक्का खाऊन रेषेबाहेर गेले, जिने ढकललं तिच्याच पुढून घाईघाईने आत शिरले आणि ३० सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसले.

मला वाटायचं, पाय भराभर हलवले की झालं. तसं नसतं गं. भार एका पायावर गेला तरच दुसरा मोकळा होतो, आणि बाजूला सरकायचं ते त्या मोकळ्या पायाने. आता सरावात मी सारखं स्वतःला विचारते, ‘आत्ता कुठला पाय मोकळा?’ ‘एकही नाही’ असं उत्तर आलं की समजायचं, आपण आडव्या होणार.

एक करून बघ. जमिनीवर चिकटपट्टी लाव. गुडघे वाकवून दोन्ही टो-स्टॉपवर, म्हणजे स्केटच्या पुढच्या रबरी ब्रेकवर, चढ आणि पट्टीच्या अल्याड-पल्याड बोटभर पावलं टाक. पायांकडे बघू नकोस, नुसता आवाज ऐक. टप-टप वाजलं तर ठीक. धप् वाजलं की तू गुडघे सरळ केलेस. आधी साध्या बुटांत कर. मला ते पोरकट वाटलं होतं, पण माझी चूक तिथेच सापडली.

आणि ट्रॅकवर आपण कायम घड्याळाच्या उलट फिरतो ना, म्हणून उजवा पाय डाव्यावरून टाकणं झोपेतही जमतं. दुसऱ्या बाजूने मात्र सगळी बोंब! सरावाची शेवटची दहा मिनिटं उलट दिशेने फिर.

ट्रकचे, म्हणजे स्केटखाली चाकांचे आस धरणाऱ्या भागाचे, नट फार आवळलेले असतील तर स्केट कडेवर झुकतच नाही. एका वेळी पाव फेरा सैल कर, दोन्ही स्केटचे सारखेच. मी एकदम दोन फेरे फिरवले होते; वेग घेतला तशी चाकं अशी थरथरली की विचारू नकोस. नव्या चाकांचं इतक्यात मनात आणू नकोस, आधी हे कर.

मी उजवीकडे वळताना अजून पडतेच. तुझी पट्टी टप वाजते की धप्, ते लगेच कळव.

तुझीच,
अनू