लाकडी पडाव जपायचा तर आधी छप्पर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुने लाकडी गलबत जपायचे म्हटले की ते ओढून किनाऱ्यावर घ्यायचे, रंग द्यायचा आणि लोकांना पाहायला मांडायचे, असेच बहुधा सुचते. त्याआधी इंग्लंडच्या ‘कँब्रिया’कडे पाहावे.

टेम्सवरचा हा ९१ फुटी, सपाट बुडाचा शिडाचा पडाव एव्हरार्ड यांनी १९०६ मध्ये ग्रीनहाइथला बांधला. १९६६ मध्ये त्याच्याच कप्तानाने, बॉब रॉबर्ट्स यांनी, तो विकत घेतला आणि १९७० पर्यंत इंजिनाशिवाय, निव्वळ शिडावर माल वाहिला. नंतर जुनी जहाजे जपणाऱ्या मॅरिटाइम ट्रस्टने तो घेऊन लंडनच्या सेंट कॅथरिन गोदीत प्रदर्शनाला ठेवला. ६४ वर्षे राबलेला पडाव उभ्या उभ्या खंगत गेला. १९९६ मध्ये कँब्रिया ट्रस्टने तो घेतला एका पौंडाला!

खाऱ्या पाण्यात लाकडाची बुरशी सहसा धरत नाही, पावसाच्या पाण्यात धरते. चालत्या पडावाचा डेक समुद्राच्या पाण्याने धुतला जातो, फळ्या फुगून घट्ट बसतात. उभ्या पडावाच्या फळ्या उन्हाने आक्रसतात आणि पाऊस फटींतून थेट वाकांच्या, म्हणजे पडावाच्या बाकदार फासळ्यांच्या, माथ्यांवर उतरतो. बाहेर रंग चकचकीत, आत टोचा दाबला तर लोण्यासारखा शिरतो. त्यात ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते. खिळ्याभोवती काळा डाग दिसला की खिळा कामातून गेला समजावे.

पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे दहा लाख पौंड मिळाले. २००७ ते २०११ फॅव्हरशॅमला छपराखाली काम चालले, त्यात शिकाऊ कारागीरही तयार झाले.

अशा कामात फळी काढण्याआधी मापे घ्यावी लागतात. जुन्या पडावाची नाळेकडची (पुढची) आणि वरामाकडची (मागची) टोके खाली झुकून पठाण, म्हणजे बुडाचा लांब कणा, मध्ये उचललेला असतो. तो टेकू देऊन हळूहळू सरळ करावा. वाक एकदम सगळे काढू नयेत, एक सोडून एक बदलावेत, नाहीतर पडावाचा मूळ आकारच हरवतो. शेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत आले तर तिथेच तो कमकुवत होतो.

म्हणून ज्यांच्याकडे असे पडाव येतील त्यांनी रंगाआधी छपराचा आणि दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च धरावा. छप्पर घालताना दोन्ही टोके उघडी ठेवावीत. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळले तर आत दमट हवा कोंडते आणि बुरशी आणखी लवकर लागते.

आपला,
एक वाचक, मालवण