पथ्य एकट्या पेशंटला नका सांगू, घरात जी वाढते तिला सांगा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर पानभर लेख आला होता. दुर्बिणीतून कसं करतात, पोटाला किती भोकं पाडतात, एका बाईचे आधीचे न नंतरचे फोटो, सगळं होतं, आणि सगळ्यात खाली एकच ओळ, की ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आहार घ्यावा. साहेब, माझे 14 महिने त्या एका ओळीतच गेले, म्हणून लिहायला बसली.

मी आर्वी तालुक्यातली, वय 41, बारावी शिकली आहे, घरी शेती आणि यांचं खत-बियाण्याचं छोटं दुकान. वजन 118 किलो होतं, शुगर, बीपी, गुडघे, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा तर हे मला हलवून उठवायचे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत नागपूरला स्लीव्हचं ऑपरेशन झालं. यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळीसारखं लांबट नळकांडं उरतं, त्यात मावतं ते चहाच्या कपाएवढं. भूक लावणारं जे हार्मोन असतं ते बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार होतं म्हणून सुरुवातीला भूक म्हणून लागतच नाही. ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही, आज वजन 81 आहे, शुगरची एक गोळी बंद झाली, एक अर्धी झाली. तक्रार आहे ती नंतरची.

सुट्टी व्हायच्या दिवशी आहाराच्या मॅडम आल्या, मला सलाईन सुरू, अर्धी झोपेत, पंधरा मिनिटं बोलल्या आणि इंग्रजीतला कागद हातात दिला. त्यात क्लिअर सूप, ओट्स, ब्रोकोली, टोफू. ब्रोकोली मी आर्वीच्या बाजारात आजवर पाहिली नाही. आणि आमच्या घरी चूल जिच्या हातात आहे त्या सासूबाई तेव्हा बाहेर व्हरांड्यात डबा घेऊन बसल्या होत्या, त्यांना कोणी आत बोलावलंच नाही. माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

खेड्यात पथ्य म्हटलं की बायांना दोनचार गोष्टी पाठ असतात, बाळंतिणीचं, काविळीचं, टायफॉइडचं. सासूबाईंनी मला बाळंतीण समजून घेतलं, त्यात त्यांची काय चूक. बाजेवर झोपवलं, डोक्याला रुमाल बांधला, उठू देईनात, बहिणीकडून डिंकाचे लाडू करून आणवले. आणि या ऑपरेशनमध्ये नेमकं उलटं असतं. त्याच दिवसापासून थोडं थोडं चालायचं असतं, नाहीतर पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जायची भीती. चालायचं पण उचलायचं नाही, हंडा, कापसाचं गाठोडं, लेकरू, काहीच नाही महिना दीड महिना. आणि डिंकाचा लाडू म्हणजे गूळ न तूप, पोटात गेल्यावर घाम, धडधड, चक्कर, संडास, हे सगळं एकदम होऊ शकते.

नवव्या दिवशीची गोष्ट सांगते. दुपारी सासूबाई वाटी घेऊन आल्या, दुधात भाकर कुस्करलेली, म्हणाल्या, "नुसत्या पाण्यावर कसं जगणं होते वं पोरी, एवढं पोट फाडलं त्याईनं, दोन घास खाय." मलाही मोह झाला, नाही कशाला म्हणू, नऊ दिवसांत तोंडाला चव नव्हती. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी येऊन बसलं, वर नाही न खाली नाही, मी मोरीवर भिंत धरून उभी आणि तोंडातून पांढरा फेस, साबणासारखा, अर्धा तास. सासूबाई घाबरून पाठ चोळत होत्या न मध्येच पाणी पाजायला पाहत होत्या. त्या नळकांड्याला आतून टाके नव्हे, स्टेपलच्या पिनांची रांग असते, ती भरून यायच्या आधी घट्ट अन्न लोटलं तर काय होऊ शकते ते मला दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. फाटलं बिटलं काही नव्हतं, नशीब. पण त्या वेळी मी हट्ट केला की आता मॅडमना सासूबाईंशी बोलू द्या. वीस मिनिटं मराठीत बोलल्या. त्या वीस मिनिटांनी जे काम झालं ते माझ्या कागदानं झालं नव्हतं.

मग आम्ही दोघींनी मिळून तो कागद आमच्या घरच्या जिनसांत बसवला. पहिले दोन दिवस दवाखान्यात नुसतं पाणी न गाळलेलं होतंच. नंतर दोन आठवडे पातळ, म्हणजे लोणी काढलेलं ताक, दूध सोसलं तर दूध, मिक्सरमधून काढून गाळलेलं वरण, पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. तिसऱ्या चौथ्या आठवड्यात घोटलेलं, म्हणजे मुगाचं खिमट, दही, घट्ट वरण, अंडं उकडून अगदी मऊ कुस्करून. ज्वारीची आंबीलही या वेळी सोसली, पण तिच्यावर भागत नाही, प्रोटीन थोडंच असतं. पुढचे दोन तीन आठवडे मऊ, पिठलं पातळसर, दोडका, दुधी, पनीर हातानं चुरलेलं. भाकर मला दोन महिन्यांनी मिळाली, तीही पापुद्रा काढून, आणि एक घास वीस पंचवीस वेळा चावून. भात अजूनही चिकटतो. हे माझं झालं हं, जठराचं बायपास ऑपरेशन केलेल्याचं किंवा दुसऱ्या डॉक्टरचं वेळापत्रक वेगळं असू शकते, ते विचारूनच घ्या.

वरणाच्या पाण्यावर आमच्यात मोठं भांडण झालं होतं. सासूबाईंच्या मते सगळी ताकद वरच्या पाण्यात. मॅडमनी सांगितलं की ताकद खाली बसलेल्या डाळीत आहे. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं, नाहीतर चरबीसोबत अंगातलं मांसही झडतं. आता हिशोब करा, एक अंडं 6 ग्रॅम, शंभर मिली दूध 3 ग्रॅम, घट्ट वरणाची छोटी वाटी 5 ते 6 ग्रॅम, आणि पोटात जागा कपभर. म्हणून ताटात पहिले वरण, अंडं, पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकर. आपल्याकडे नेमकं उलटं, भाकर मोठी न वरण लावून खायला. गंमत पहा, ज्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला 36 ते 40 ग्रॅम प्रोटीन आहे ते आम्ही पोत्यानं मार्केटला नेऊन टाकतो आणि येताना दोन अडीच हजाराचा पावडरचा डबा घेऊन येतो. पहिल्या दोन महिन्यांत डबा लागतोच, त्याला इलाज नाही, पण पुढं सोयाबीनच्या वड्या भिजवून उकळून मिक्सरमधून काढून पिठल्यात टाकल्या तर घरात कोणाला कळतही नाही. कच्चं सोयाबीन मात्र नाही, नीट शिजलेलंच.

पाण्याचं तर विचारूच नका. एप्रिल मे मध्ये आमच्याकडे 45 च्या वर ऊन आणि मला घटाघटा पाणी पिता येईना, एक घोट मोठा झाला की छातीत कळ. मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण होतं, त्यानं प्यायची. दीड लिटर म्हणजे दीडशे झाकणं. मुलानं मोबाईलवर अलार्म लावून दिला होता, तो वाजला की सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "झाकण घे वं!" आणि जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ताटाजवळ तांब्या ठेवायची चाळीस वर्षांची सवय त्या बाईनं माझ्यासाठी मोडली, हे काही लहान काम नाही. कोल्ड्रिंक, सोडा, स्ट्रॉ, सगळं बंद, हवा भरते पोटात.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त गंभीर आहे. सातव्या आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या, चार पाच दिवस काहीच ठरेना. जवळच्या गावात डॉक्टर आहेत, चांगले आहेत, रात्री बेरात्री येतात, त्यांनी ग्लुकोजची सलाईन लावली आणि गुडघे दुखतात म्हटलं तर दुखण्याचं इंजेक्शन भरायला घेतलं. माझ्या पायाला मुंग्या येत होत्या, चालताना तोल जात होता, आम्हाला वाटलं अशक्तपणा. यांनी सहज म्हणून सलाईनच्या बाटलीचा फोटो नागपूरच्या मॅडमना पाठवला तर दोन मिनिटांत फोन, की बाटली थांबवा, आधी बी-वन (म्हणजे थायमिन, बी-1 जीवनसत्त्व) द्या आणि लगेच निघा. शरीरात बी-वनचा साठा दोन तीन आठवड्यांचाच असतो, उलट्या चालू राहिल्या की तो संपतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमचा धोका होऊ शकतो. बी-वनची इंजेक्शनं लागली, चार दिवसांत फरक पडला. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्याकडे असा पेशंट पहिलाच, त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. तेव्हापासून मी एक कागद लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते, कोणतं ऑपरेशन, कोणती तारीख, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही दुखण्याची औषधं नको (जखम होते आत, पॅरासिटामॉल चालते), उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी बी-वन. असा कागद दवाखान्यानंच मराठीत द्यायला काय हरकत आहे?

आणि हेही त्या कागदावर पाहिजे, की पहिल्या महिन्यात बसल्या जागी नाडी 120 च्या वर, ताप, पोट किंवा डावा खांदा दुखणं, दम लागणं, पोटरी सुजणं, यातलं काही झालं तर गॅस समजून घरी थांबू नये. आमच्याकडे सगळ्यालाच गॅस म्हणतात.

गोळ्या जन्मभर आहेत हे मात्र कोणाला पटत नाही. मल्टीव्हिटॅमिन, बी-12, लोह, कॅल्शियम, डी. कॅल्शियम सायट्रेट घ्यायचं, कारण त्याला पोटातलं अ‍ॅसिड लागत नाही, मेडिकलवाला दुसरंच देतो न म्हणतो सगळं सारखंच आहे ताई. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास पाहिजे, आणि लोहावर चहा नाही. आता खेड्यात ज्या घरी जाल तिथं चहा, नाही म्हटलं तर राग, मी पिशवीत गोळीची वेळ लिहून ठेवते न ती दाखवते.

केसांचं सांगते थोडं. चौथ्या महिन्यात मुठीमुठीनं गळायला लागले. गावात दोन मतं झाली, एक म्हणे नजर लागली, दुसरं म्हणे औषधाची गरमी. केसांवर भांडे देणारी बाई येते आमच्याकडे, तिला मी इतके केस दिले की एक स्टीलचं झाकण आणि वर चमचा मिळाला. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं, सहसा तीन ते सहा महिन्यांच्या मध्ये, आणि पुढं परत येतात. माझे आले. प्रोटीन न लोह कमी पडू द्यायचं नाही एवढंच.

पुरवणीतल्या फोटोतली पोरगी लग्नाच्या वयाची होती म्हणून एक लिहिते. पोरीचं लग्न जमावं म्हणून ऑपरेशन करणारे आईबाप आता आमच्या भागातही दिसतात. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने दिवस राहू द्यायचे नसतात, हे सासरी कोण सांगणार? तिथं तर सहा महिन्यांतच विचारपूस सुरू होते. आणि पुरुषमंडळींना, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) न दारू. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. ऑपरेशननंतर दारू लवकर चढते न सवय लवकर लागते, तंबाखूनं आतल्या जखमा होतात. हे मी शेजारच्या गावातल्या एका भाऊंना सांगितलं तर ते हसले.

महालक्ष्म्यांच्या वेळी ऑपरेशनला सातवा महिना होता. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, पाहुणे. मी ताटात चमचाभर पुरण घेतलं न कढीतला एक गोळा, जावेची आई वाढायला आली, "अवं काऊन लाजतं, घे ना." मी बोलायच्या आधी सासूबाईंनी तिचा हात धरला न सांगितलं, तिचं पोट कपाएवढं आहे, तिले पहिले वरण लागते, मग बाकी.

तर साहेब, विनंती अशी की एकदा आपल्या इकडच्या जेवणातला आठवड्यावार आहार आहारतज्ज्ञांकडून लिहून घेऊन छापा, आंबील, वरण, पिठलं, ताक असं, आणि दवाखानेवाल्यांना तुमच्या पानातून विचारा की सुट्टीच्या दिवशी घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला आत का बोलावत नाही. माझं नाव छापू नका, गावात आधीच माझ्या पोटावर पुष्कळ चर्चा झाली आहे. आणि तो आहार छापलाच तर अक्षर जरा मोठं ठेवा, कापून ओट्याच्या भिंतीला चिकटवायचा आहे, सासूबाईंचा चष्मा जुना आहे.

आपली,
एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा