जामीन झालेली माणसं तुरुंगात का?

माननीय जेलमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

इंदूरच्या कोर्टात जामीनदाराकडे जमिनीची पावती, म्हणजे मालकीचा कागद, मागतात. बडवानी-खरगोनकडून बांधकामावर आलेल्या मजुराने पावतीवाला माणूस आणायचा कुठून? जळगावकडचा हमाल भावाला सातबारा घेऊन बोलावतो, तर जामीनदार इथलाच हवा म्हणून भाऊ परत जातो. न्यायाधीशांचा जामिनाचा आदेश फाइलमध्ये, आणि माणूस आतच.

हा प्रश्न १९७८ साली आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मोतीराम या गवंड्याला जामीन मिळाला, पण मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, त्याला सोडायला लावलं. तेव्हापासून किती सरकारं आली नि गेली!

देशातल्या दर चार कैद्यांमधले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत, असं २०२२ची सरकारी आकडेवारी सांगते. गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला, असं लोक मला विचारतात. पीडितांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण ज्यांच्याबद्दल मी लिहितोय त्यांना सोडावं, हे कोर्टानेच ठरवलेलं आहे. त्यांना अडवते ती फक्त गरिबी.

नियमांची तर वाण नाही. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये बजावलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती, आणि मदत ठरवणाऱ्या जिल्हा समितीत कलेक्टर आणि तुरुंग अधीक्षक दोघेही असतात. काही गंभीर गुन्हे वगळले आहेत, ते ठीकच. पण ज्याला ही मदत मिळायला हवी त्याच्या बायकोला अशी योजना आहे हे सांगणारं तुरुंगाच्या फाटकावर कुणी भेटत नाही, याचा मला संताप येतो.

नव्या फौजदारी कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याच्या सुटकेसाठी अधीक्षकाने स्वतः कोर्टात अर्ज करायचा असतो. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत.

साहेब, इंदूरच्या तुरुंगांत जामीन होऊनही अडकलेले किती, सात दिवस उलटल्यावर किती जणांची नावं प्राधिकरणाला कळवली गेली आणि योजनेतून किती जण सुटले, हे आकडे आपण मागवा. दर महिन्याला ते कोर्टाच्या आवारात हिंदीत लावायला सांगा. फाटकावर अर्ज भरून देणारा एक माणूस बसवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आपली सही पुरे.

आपला,
इंदूरचा एक नागरिक