आधी व्हाळ दाखवा, मग प्लॉट पाडा

संपादक महोदय,

डोंगरकापणीवरून गोव्यात ग्रामसभा गाजतात, पण कापणी जिथे ठरते त्या प्लॉटिंगच्या आराखड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार डोंगर कापायला किंवा सखल जमीन बुजवायला पूर्वपरवानगी लागते. हा प्रश्न पुढे येईपर्यंत बहुतेकदा रस्ते आणि हद्दी कागदावर आखून झालेल्या असतात.

मुळात क्रमच उलटा आहे. आधी सरळ रस्ता ओढायचा, दोन्ही बाजूंना चौकोन पाडायचे आणि उरलेला उताराचा कोपरा ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवायचा! त्याऐवजी एक मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून त्यावर व्हाळ म्हणजे पावसाळी ओढे, झरी, मोठी झाडे आणि २५ टक्क्यांवरचा, म्हणजे चार मीटरांत एक मीटरहून जास्त चढणारा, उतार आधी रंगवावा. मग घरांच्या जागा, मग रस्ते, प्लॉटच्या हद्दी सर्वांत शेवटी. पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच करावी. मे महिन्यात व्हाळ म्हणजे नुसती कोरडी घळ, ती नकाशावर येतच नाही.

२५ टक्के उतारावर दहा मीटर खोल सपाट जागा फक्त कापून काढायची तर मागे अडीच मीटर उभा कडा राहतो. वरचा जांभा कडक असल्याने कडा उन्हाळ्यात ताठ उभा असतो. जांभ्याखाली मात्र बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमाती असते. झिरपलेले पाणी तिच्यावर अडते आणि उताराने सरकत पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. कापणी त्या थरापर्यंत गेली की वर दरड खचते आणि खाली झर आटू शकते. भिंत बांधली, पण पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, तर तीही ढकलली जाते.

रस्त्याचेही तसेच. त्याच उतारावर दहा मीटर चढायला सरळ रस्ता ४० मीटरांत भागतो. १:१२ चढाने तिरका नेला तर १२० मीटर लागतात. लांबी वाचवली की पावसाळ्यात रस्ताच व्हाळ होतो.

एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. इतके पाणी वाहून नेणाऱ्या व्हाळात ३०० मिलिमीटरचा पाइप टाकून वर माती लोटतात. पाने-प्लास्टिकने तो तुंबतो आणि पाणी खालच्या घरांत, शेतांत शिरते. रस्त्याने व्हाळ ओलांडायचाच असेल तर साफ करता येईल अशी रुंद मोरी बांधावी, बाकी पात्र उघडे ठेवावे.

‘प्लॉट कमी होतात’ ही तक्रार तितकीशी खरी नाही. चारशे चौरस मीटरचे ३० प्लॉट तीनशेचे केले आणि सपाट भागात जवळजवळ बसवले, तर संख्या तीच राहून ३,००० चौरस मीटर जमीन मोकळी सुटते. मात्र ती सामायिक असल्याचे आणि तिच्यावर बांधकामाचा हक्क नसल्याचे प्रत्येक विक्रीखतात लिहून घ्यावे. नाहीतर काही वर्षांनी तिथेही कुंपण येते.

— एक नगररचनाकार, फोंडा